डेकची खरखर आणि साडेसत्तावीस इंच

भद्रकालीत जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर मी ब्लाऊज शिवते. भिंती हातभर जाड, पुढे पत्र्याची पडवी. दिवसभर मशीन आणि सोबतीला डेकवर आकाशवाणी नाशिक, 101.4. डेकच्या मागची अँटेनाची मूळची वायर उंदरांनी खाल्ली आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त यायला लागली. नवा डेक घ्या म्हणून सगळे मागे लागले. मी घरातली उरलीसुरली वायर काढली आणि तिचाच अँटेना केला.

लहानपणी आमच्याकडे टीव्हीचा अँटेना होता. बाबा गच्चीवर, मी जिन्यात, आई टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं!" की बाबा हात काढायचे, आणि लगेच पडद्यावर मुंग्या. माणसाचं अंगही लहरी पकडतं आणि वाटेत येऊन त्या वळवतंही, म्हणून धरलं की चित्र, सोडलं की मुंग्या. रेडिओचंही तसंच. म्हणून अँटेनाची दांडी हातात धरून जागा ठरवू नका. ठेवा, दोन पावलं मागे व्हा, मग ऐका.

वायरीला हात लावण्याआधी आवाज कोण करतंय ते शोधा. रेडिओ चालू ठेवून एकेक बटण बंद करत जा. माझ्याकडे दोन चोर सापडले: स्वस्तातला एलईडी बल्ब आणि मोबाइलचा चार्जर. तिसरी मशीनची मोटार. पॅडल दाबलं की खर्रर्र, कारण आत कार्बन ब्रश ठिणग्या टाकतात. तिला बंद करून पोट कसं भरणार? डेकच उचलून दुसऱ्या भिंतीला नेला, आणि निम्मी खरखर तिथेच गेली. लोखंडी कपाटाला चिकटून रेडिओ ठेवला असेल तर तोही हातभर बाजूला घ्या.

आता अँटेना. केबलवाले मागे टाकून जातात ती काळी गोल वायर प्रत्येक घरात माळ्यावर सापडते. डेकच्या मागे एफएमचं गोल भोक असेल आणि तिथे 75 ओहम लिहिलं असेल, तर हीच वायर चालते. टीव्हीला लागते ती पिन एका टोकाला बसवा. दुसऱ्या टोकाचं काळं साल तीन बोटं सोला. खाली जाळी लागेल, ती मागे ओढून एका बाजूला पीळ द्या. मग पांढरं आवरण कापून मधली तार मोकळी करा. माझी एक अख्खी दुपार इथेच गेली. जाळीचा केसासारखा एक तंतू मधल्या तारेला चिकटला होता आणि डेक मुका. चष्मा लावून, सुईने एकेक तंतू बाजूला केला तेव्हा सुटलं.

साध्या विजेच्या वायरीचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकी 70 सेंटिमीटर, म्हणजे टेपवर साडेसत्तावीस इंच. एक मधल्या तारेला, दुसरा जाळीला. जाळी बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची असते, सोल्डर धरत नाही, तेव्हा स्क्रूच्या कनेक्टरमध्ये आवळा. कापडात शिवणीसाठी माया सोडतो तशी इथे फक्त जोडापुरती, बोटभर. माप कुठून आलं? 7125 ला स्टेशनच्या आकड्याने भागायचं, एका बाजूची लांबी सेंटिमीटरमध्ये निघते. 98.3 ला साडेबहात्तर येते, पण दोन-तीन सेंटिमीटरने काही बिघडत नाही. एकच माप सगळ्या स्टेशनांना पुरतं.

दोन्ही तुकडे एका रेषेत, हात पसरल्यासारखे, वायरिंगच्या प्लास्टिक केसिंग पट्टीवर टेपने चिकटवा. पडद्याची अ‍ॅल्युमिनियमची दांडी नको, लाकडाची चालेल. पट्टीचं टोक नव्हे, तिची लांब बाजू स्टेशनकडे हवी. आम्हाला आकाशवाणीचा टॉवर गंगापूर रोडला, म्हणजे पश्चिमेला, म्हणून माझी पट्टी दक्षिणोत्तर आहे. आधी आडवी लावून ऐका, मग उभी. माझ्याकडे आडवीच बरी. आणि खिळा ठोकायची घाई नको: मी आठवडाभर दोऱ्याने टांगली होती. खिडकीच्या चौकटीपासून वीतभर सरकवली तेव्हा आवाज असा उघडला की समोरच्या वहिनी विचारायला आल्या, नवा डेक का?

छोट्या रेडिओला मागे भोक नसतं. त्याची दांडी मिटवून टोकाला तेवढ्याच मापाच्या एका वायरीची चिमटा-क्लिप लावा आणि वायर खिडकीत सोडा. मोबाइलमध्ये एफएम असेल तर इअरफोनची वायर हाच त्याचा अँटेना. ती खिशात गुंडाळून ठेवायची आणि स्टेशन येत नाही म्हणून ओरडायचं, हे आमच्या भाच्याचं रोजचं.

गंगापूर रोडला टॉवरजवळ राहणाऱ्यांनी यातलं काहीच करू नये. तिथे सिग्नल इतका जोरात की एकाच स्टेशनात दुसरं मिसळतं. दांडी अर्धी मिटवून बघा.

पट्टी घरातच ठेवा. गच्चीवर लोखंडी पाइपाला बांधली तर पावसाळ्यात वीज आहे, शेजारून विजेच्या तारा गेलेल्या असतात, आणि संक्रांतीला मांजा. बाबांच्या अँटेनावर दरवर्षी सात-आठ पतंग अडकायचे. ते सोडवायला गल्लीतली पोरं यायची, आणि जाताना अँटेनाचं तोंड भलतीकडेच करून जायची.