इटालियन स्पार्कलिंग वाइन: निवडावी कशी, द्यावी कशी

इटालियन स्पार्कलिंग वाइन घ्यायची म्हटले की बहुतेकांच्या तोंडी ‘प्रोसेको’ हे एकच नाव येते; पण जेवणाचा बेत आधी ठरला असेल, तर निवड बरीच सोपी होते. ईशान्य इटलीत होणाऱ्या प्रोसेकोत किमान ८५ टक्के ग्लेरा द्राक्षे असतात, आणि तिचे दुसरे किण्वन (बुडबुडे आणणारे आंबणे) बहुधा बंद टाकीत होत असल्यामुळे फळांचा ताजा गंध टिकतो. त्यामुळे ती वर्षानुवर्षे जपून ठेवण्यात अर्थ नाही. उत्तर इटलीतील लोम्बार्दी प्रांताची फ्रांचाकोर्ता मात्र शॅम्पेनप्रमाणे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते व यीस्टच्या गाळावर किमान १८ महिने राहते. ती महाग पडते. झणझणीत रश्श्यासोबत ती उघडणे म्हणजे माझ्या मते पैसे पाण्यात घालणे.

लेबलवर गोडी अवश्य पाहावी. ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, तर ड्रायमध्ये १७ ते ३२ ग्रॅम साखर असते. म्हणजे नाव ऐकून वाटते त्याच्या उलट, या तिघींत ड्राय सर्वांत गोड. रवा लावून तळलेली सुरमई किंवा कोथिंबीर वडी यांच्यासोबत ब्रूट उत्तम, कारण तिचा आंबटपणा व बुडबुडे तेलकटपणा कापतात. तिखट कोळंबीला एक्स्ट्रा ड्राय बरी. पुरणपोळीसोबत इटलीतल्याच पिएमोंते प्रांताची, कमी मद्यार्काची गोड मोस्कातो दास्ती द्यावी. सोलकढी मात्र वेगळीच प्यावी.

ठाण्याच्या उकाड्यात दुकानाच्या उन्हाकडील काचेत मांडलेली बाटली घेऊ नये. आतल्या, थंड कपाटातली मागावी. घरी ती फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवावी, किंवा निम्मे पाणी व निम्मा बर्फ असलेल्या बादलीत अर्धा तास मानेपर्यंत बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचे पाणी लवकर गार करते. ६ ते ८ अंश तापमान योग्य. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली फुटू शकते.

उघडताना कागद काढून अंगठा बुचावर दाबून धरावा, बुचावरच्या तारेच्या जाळीची कडी साधारण सहा अर्ध्या फेऱ्यांनी सैल करावी, आणि जाळी न काढता बूच घट्ट पकडून बाटली तिरकी करावी. तोंड माणसांकडे किंवा पंख्याकडे नको. बूच फिरवू नये, बाटली फिरवावी. आतला दाब बूच आपोआप वर ढकलतो, आणि ते हाताने रोखत सोडल्यास ‘फट्’ऐवजी हलकेच ‘फुस्स’ होते. एरवी मोठा आवाज होतो आणि निम्मी वाइन टेबलक्लॉथवर सांडते.

ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास असल्यास उत्तम, नाहीतर साधा वाइन ग्लास चालतो. साबणाचा अंश मात्र राहू देऊ नये, त्याने फेस बसतो. आधी थोडी ओतून फेस खाली बसू द्यावा, मग ग्लास निम्म्याहून किंचित जास्त भरावा. उरलेल्या वाइनला स्पार्कलिंगसाठीचे पकडीचे झाकण लावून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काही उपयोग होत नाही.