चीनच्या राजवंशांचा इतिहास वाचताना या चुका टाळा

एवढा विशाल आणि इतक्या परस्परांना न समजणाऱ्या बोली बोलणारा देश दोन हजार वर्षे एकसंध कसा राहिला, हा प्रश्न चीनचा इतिहास हाती घेणारा जवळजवळ प्रत्येक वाचक विचारतो, आणि पहिली चूक त्या प्रश्नातच दडलेली असते; कारण तो देश दोन हजार वर्षे एकसंध राहिलेलाच नाही. इ.स.पू. २२१ मध्ये छिन शी ह्वांगने उरलेली सहा राज्ये जिंकून पहिले साम्राज्य उभे केले आणि १९१२ मध्ये शेवटच्या सम्राटाच्या नावाने पदत्यागाचा हुकूम निघाला. या दरम्यान ते साम्राज्य अनेकदा फुटले, कधी काही वर्षांपुरते, तर कधी शतकांपुरते. फुटल्यावर ते पुन्हा कोणी जोडले, कोणत्या साधनांनी जोडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारण्याजोगे प्रश्न आहेत. त्यांच्या उत्तरांपर्यंत पोहोचू न देणाऱ्या नेहमीच्या चुका पुढे घेतल्या आहेत.

घराण्यांची यादी ही सलग साखळी मानणे

छिन, हान, सुई, तांग, सोंग, युआन, मिंग, छिंग ही यादी पाठांतराला सोयीची असली, तरी तिच्यातील मोकळ्या जागा तिने लपवलेल्या असतात. हान घराणे इ.स. २२० मध्ये संपले आणि सुई घराण्याने दक्षिण जिंकून देश पुन्हा एक केला तो ५८९ मध्ये. मधल्या साडेतीन शतकांत पश्चिम जिन घराण्याने २८० मध्ये साधलेली एकी जेमतेम काही दशके टिकली, आणि ३११ मध्ये तर राजधानी लोयांगच लुटली गेली.

सोंग घराण्याच्या बाबतीत ही चूक अधिक फसवी ठरते. वर्ष ११०० घ्या आणि चार शहरांत कर कोण गोळा करत होते ते पाहा: कायफंगमध्ये सोंग, दातोंगमध्ये खितान लोकांचे ल्याओ, आजच्या यिनछुआनच्या जागी तांगुत लोकांचे पश्चिम शिया, आणि युन्नानमध्ये दालीचे स्वतंत्र राज्य. १००५ च्या चानयुआनच्या तहानुसार सोंग दरबार ल्याओ दरबाराला दरवर्षी १ लाख ल्यांग चांदी आणि २ लाख रेशमी तागे देत होता, आणि दोन्ही सम्राट एकमेकांना पत्रांतून भाऊ म्हणत होते. ज्याला आपण चीनचे सोंग घराणे म्हणतो, ते स्वतःच्या काळात बरोबरीच्या राज्यांपैकी एक होते आणि त्याने ते लेखी मान्यही केले होते.

पुढे मंगोलांच्या युआन घराण्याच्या काळात, १३४३ ते १३४५ या वर्षांत, मंगोल मंत्री तोक्तो याच्या देखरेखीखाली ल्याओ, जुर्चेन लोकांचे जिन (वर आलेल्या पश्चिम जिनहून वेगळे) आणि सोंग या तिन्ही राज्यांचे अधिकृत इतिहास तयार झाले. खरे घराणे कोणते, या जुन्या वादावर त्याने काढलेला तोडगा असा की तिघांनाही स्वतंत्र ग्रंथ आणि समान दर्जा द्यावा. मिंग काळातील अनेक विद्वानांना हा निर्णय मुळीच रुचला नाही. आज आपल्या हाती येणारी यादी अशा वादांतून घडलेली आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे तिच्याकडे निर्विवाद सत्य म्हणून पाहण्याची सवय सुटते. जेव्हा एखादे विधान संपूर्ण चीनविषयी केलेले दिसेल, तेव्हा वरील चार शहरांची कसोटी त्याला लावून पाहावी.

आजचा नकाशा मागच्या काळावर पसरणे

दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा भिक्षू युआन च्वांग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. तो भारताकडे निघाला तेव्हा तांग सत्तेने सरहद्द ओलांडण्यास बंदी घातलेली होती आणि आजच्या शिनजियांगमधील तुर्फानजवळ गाओचांग नावाचे वेगळे राज्य होते. तेथील राजा छू वनताय याने त्याचा मोठा सत्कार केला आणि परतताना तीन वर्षे येथे राहावे असे वचन घेतले. ते वचन पाळण्याची वेळच आली नाही, कारण ६४० मध्ये तांग सैन्याने गाओचांग जिंकून घेतले. ६४५ मध्ये युआन च्वांग तांग राजधानी चांगआनला पोहोचला तेव्हा त्या राज्याचे अस्तित्व उरले नव्हते. पुढे सेनापती आन लुशानच्या बंडानंतर ही पश्चिमेकडील पकडही सुटत गेली आणि ७६३ मध्ये तिबेटी सैन्याने खुद्द चांगआन काही दिवस ताब्यात ठेवले.

मिंग सम्राटांची सत्ता मंगोलियावर नव्हती आणि शिनजियांगवरही नव्हती. आजच्या नकाशाची बाह्यरेषा मुख्यत्वे अठराव्या शतकातील छिंग मोहिमांतून आली: १७२० मध्ये ल्हासापर्यंत सैन्य गेले आणि १७५९ पर्यंत पश्चिम मंगोल लोकांचे जुंगार राज्य व आजच्या शिनजियांगमधील तारीम खोरे जिंकले गेले. तेव्हा अमुक प्रदेश प्राचीन काळापासून चीनचा आहे किंवा कधीच नव्हता, अशी दोन्ही टोकांची विधाने वाचताना प्रत्यक्ष छावणी, करवसुली आणि न्यायदान कोणाच्या हाती होते व किती काळ होते, हे तपासावे. दरबारात नजराणा आला म्हणजे मुलूख ताब्यात आला, असे मुळीच नाही.

कठोर केंद्रसत्तेला एकीचे रहस्य समजणे

ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण विविधतेने भरलेल्या कोणत्याही देशाविषयी बोलताना चीनचा दाखला याच अर्थाने दिला जातो. लिपी, वजने-मापे, गाड्यांच्या चाकांमधील अंतर या सर्वांचे प्रमाणीकरण करून आणि देशाचे ३६ जिल्हे पाडून छिन शी ह्वांगने देश एक केला, असे सांगितले जाते. ते खरे आहे. मात्र तितकेच खरे असलेले पुढचे वाक्य गाळले जाते, ते म्हणजे एवढे केंद्रीकरण करणारे हे साम्राज्य अवघ्या पंधरा वर्षांत कोसळले.

एकी टिकवली ती त्यानंतरच्या हान घराण्याने, आणि तीही माघार घेऊन. इ.स.पू. २०२ मध्ये सत्तेवर आलेल्या ल्यू बांगने पश्चिमेकडे जिल्हे ठेवले, परंतु पूर्वेकडील मोठा मुलूख राजांकडे सोपवला. इ.स.पू. १५४ मध्ये त्यांपैकी सात राजांनी बंड केले आणि ते मोडले गेले. त्यानंतर इ.स.पू. १२७ मध्ये निघालेल्या हुकुमाने प्रत्येक राजाचा मुलूख सर्व मुलांत वाटून देण्याची मुभा दिली. वरवर पाहता ती धाकट्या मुलांवरील कृपा होती, प्रत्यक्षात मात्र दोन-तीन पिढ्यांत कोणाकडेही सैन्य पोसण्याइतकी जमीन उरली नाही. छिन सम्राटाला एका फटक्यात जे करायचे होते, ते हान दरबाराने सुमारे पाऊण शतक घेऊन केले.

छिन का पडले, याचे प्रचलित उत्तरही पारखून घ्यावे. हान काळातील इतिहासकार सिमा च्यान सांगतो की, इ.स.पू. २०९ मध्ये पावसामुळे ठाण्यावर पोहोचण्यास उशीर झालेल्या तुकडीला कायद्याने मृत्युदंड ठरलेला होता, म्हणून चन शंग आणि वू ग्वांग यांनी बंड पुकारले. १९७५ मध्ये हुबेई प्रांतातील श्वीहूदी येथे एका छिन अधिकाऱ्याच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले कायदे सापडले. त्यांत वेठीच्या कामाला सहा ते दहा दिवस उशीर झाल्यास एका ढालीचा, त्याहून अधिक उशिराला एका चिलखताचा दंड सांगितला आहे, आणि पावसाने काम अडल्यास माफी आहे. ठाण्यावरील लष्करी चाकरीचा नियम याहून कडक असू शकेल. तरीही पाडलेल्या घराण्याचे वर्णन विजेत्यांच्या काळातील लेखकाने केले आहे, हे वाचकाने विसरू नये. प्रत्येक घराण्याचा अधिकृत इतिहास पुढच्या घराण्याने लिहायचा, हा चीनमधला शिरस्ताच होता. शेवटचा सम्राट दुराचारी निघाला की आपली सत्तेवरील मांड आपोआप न्याय्य ठरे.

एकाच कारणावर सारा भार टाकणे

लिपी एक म्हणून देश एक, हे उत्तर अनेकांना पुरेसे वाटते. कोरियात ९५८ पासून आणि व्हिएतनाममध्ये १०७५ पासून चिनी अक्षरांत, कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथांवर राजसेवेच्या परीक्षा होत होत्या, आणि तरीही ते दोन्ही देश आपापल्या राजांचेच राहिले. लिपीमुळे कारभार सोपा झाला, इतकेच त्यातून सिद्ध होते.

परीक्षापद्धतीचेही तसेच आहे. ती गुणवत्तेची निवड होती असे म्हणून थांबले की तिचे राजकीय काम नजरेआड होते. १३९७ ची परीक्षा या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. उत्तरपत्रिकांवरील नावे झाकलेली असत आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून त्या पुन्हा उतरवून काढत. वृद्ध परीक्षक ल्यू सानवू याने निकाल लावला तेव्हा उत्तीर्णांच्या यादीतील प्रत्येक नाव दक्षिणेकडचे निघाले. उत्तरेकडच्या उमेदवारांनी आरडाओरड केली आणि मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने, होंगवूने, फेरतपासणी नेमली, तर तपासणाऱ्यांनीही पहिलाच निकाल योग्य ठरवला. तेव्हा सम्राटाने तपासणाऱ्यांना देहदंड दिला, ल्यू सानवूला हद्दपार केले आणि स्वतः दुसरी यादी काढली, ज्यात सर्व नावे उत्तरेकडची होती.

परीक्षकांनी लबाडी केली होती असे मानण्यास सबळ आधार नाही. दीर्घ युद्धांनी उत्तरेतील पाठशाळा ओस पडल्या होत्या, यांगत्सेच्या खोऱ्यात मात्र श्रीमंती आणि ग्रंथछपाई दोन्ही होत्या. परंतु मंगोलांकडून नुकत्याच घेतलेल्या उत्तरेला नव्या राज्यात एकही जागा न मिळणे सम्राटाला परवडणारे नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर दरबाराने रक्त न सांडता तोच हेतू साधला: १४२७ पासून दर शंभर जागांपैकी ६० दक्षिणेला आणि ४० उत्तरेला, आणि पुढे मध्यभागासाठी वेगळा वाटा काढून ५५, ३५ आणि १०. प्रदेशवार राखीव जागांची ही व्यवस्था बदलत्या रूपांत छिंग काळापर्यंत चालली. देश एकत्र ठेवण्याची साधने बहुधा अशी रुक्ष आणि हिशेबी असतात, आणि म्हणूनच ती लोकप्रिय लेखनात सापडत नाहीत.

त्याच्या जोडीला स्वतःच्या प्रांतात नेमणूक न देण्याचा नियम होता. देशमुख-देशपांडे यांची वतने पिढ्यानपिढ्या एकाच परगण्यात चालताना आपल्याकडे दिसतात, त्याच्या अगदी उलट ही पद्धत. चिनी जिल्हाधिकारी काही वर्षांसाठी परक्या मुलखात येई, कित्येकदा तेथील बोली न समजणारा, आणि प्रत्यक्ष काम स्थानिक कारकुनांवर व प्रतिष्ठित कुटुंबांवर सोपवी. छिंग काळात कोट्यवधी लोकांचा कारभार सुमारे १,३०० जिल्ह्यांतून चालला, तो या तडजोडीमुळेच. आणि या सर्वांच्या खाली दक्षिणेचे धान्य उत्तरेच्या राजधानीला पोहोचवणारा महाकालवा होता, ज्यातून मिंग काळात वर्षाला सुमारे ४० लाख शी (धान्याचे माप) धान्य जाई.

जिंकणारे सगळे अखेर चिनीच होतात, असे मानणे

या मताला उत्तर वेई घराण्याचा आधार दिला जातो. उत्तरेकडून आलेल्या बिगर-चिनी तोबा वंशाचा सम्राट श्याओवन याने ४९४ मध्ये राजधानी लोयांगला हलवली, दरबारात आपल्याच लोकांच्या भाषेला आणि पोशाखाला बंदी केली, आणि राजघराण्याचे आडनाव बदलून युआन केले. पुढची गोष्ट क्वचितच सांगितली जाते: उत्तर सीमेवरील लष्करी ठाण्यांत मागे राहिलेले सैनिक आपण उपेक्षित झाल्याच्या संतापाने पेटले, ५२३ च्या सुमारास त्यांनी बंड केले आणि ५३४ मध्ये राज्याचे दोन तुकडे झाले. सुई आणि तांग ही घराणी त्या सीमेवरील मिश्र लष्करी कुटुंबांतूनच पुढे आली.

ईशान्येकडून आलेल्या मांचूंच्या छिंग घराण्याने याहून वेगळी वाट धरली. चेंगडे येथील उन्हाळी राजधानीच्या मुख्य दरवाजावर त्याचे नाव पाच लिप्यांत कोरलेले आहे: मांचू, चिनी, मंगोल, तिबेटी आणि तारीम खोऱ्यातील तुर्की. जवळच ल्हासाच्या पोतालाच्या धर्तीवर १७७१ मध्ये पुरे झालेले मंदिर उभे आहे. मंगोल सरदारांपुढे छिंग सम्राट खान होता आणि तिबेटी बौद्धांपुढे धर्मरक्षक. सीमेकडील लोकांचा कारभार पाहणारे खातेही वेगळे होते, आणि मांचूरिया व मंगोलियात चिनी शेतकऱ्यांनी वस्ती करण्यावर निर्बंध होते. मात्र याला उदारमतवाद समजणे ही आणखी एक चूक ठरेल. याच सत्तेने १६४५ मध्ये चिनी पुरुषांवर डोके पुढून भादरून मागे वेणी ठेवण्याची सक्ती केली आणि नकार देणाऱ्यांना ठार मारले. आणि १७५० च्या दशकात बहुसंख्य जुंगार लोक लढाई, देवीची साथ आणि पळापळ यांत नाहीसे झाले.

जुने आकडे जसेच्या तसे उचलणे

७५५ च्या नोंदीत तांग साम्राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी २९ लाख, ७६४ मध्ये सुमारे १ कोटी ६९ लाख. म्हणून आन लुशानच्या बंडात ३ कोटी ६० लाख माणसे मेली, असे गणित अनेक ठिकाणी छापलेले आढळते. हे आकडे करपट्टीवरील नोंदींचे आहेत. बंडानंतर अनेक प्रांत दरबाराला नोंदी पाठवतच नव्हते, आणि लाखो कुटुंबे घर सोडून गेली होती. मनुष्यहानी भयंकर झाली, यात शंका नाही, पण आकड्यातील घट ही मुख्यत्वे राज्याची दृष्टी अधू झाल्याची खूण आहे.

आजच्या ५६ समाजांना प्राचीन मानणे

१९५३ च्या जनगणनेत लोकांना आपल्या समाजाचे नाव स्वतः सांगू दिले, तेव्हा ४०० हून अधिक नावे आली. संशोधक आणि अधिकारी यांनी ती गटांत बसवली आणि १९७९ मध्ये जिनो समाजाला मान्यता मिळून बहुसंख्य हान समाजासह ५६ ही संख्या पक्की झाली. २०२० च्या गणनेत हान ९१.११ टक्के आहेत, परंतु त्या एका नावाखाली कॅन्टोनी, हक्का, मिन आणि वू बोलणारे कोट्यवधी लोक येतात.

१९१२ च्या पदत्यागाच्या हुकुमात हान, मांचू, मंगोल, हुई (मुस्लिम) आणि तिबेटी अशा पाच समाजांच्या प्रजासत्ताकाचा उल्लेख होता. मात्र बाह्य मंगोलियाने त्याआधीच, डिसेंबर १९११ मध्ये, स्वातंत्र्य जाहीर केले होते. साम्यवादी राजवटीने १९४७ ते १९६५ या काळात पाच स्वायत्त प्रदेश स्थापले. तेथील शासनप्रमुख त्या समाजाचा असावा असा नियम आहे. खरी सत्ता असलेल्या पक्षसचिवाला तो लागू नाही. शिनजियांगमध्ये २०१७ पासून उइगुर आणि इतर मुस्लिमांना मोठ्या प्रमाणावर मनमानीपणे स्थानबद्ध केल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२२ च्या अहवालात नमूद केले; चीन सरकार त्या जागांना व्यवसाय प्रशिक्षण केंद्रे म्हणते. २०२० मध्ये अंतर्गत मंगोलियातील शाळांत भाषा, राजकारण आणि इतिहास हे तीन विषय मंगोलऐवजी चिनी भाषेतील पाठ्यपुस्तकांतून शिकवण्याचा निर्णय झाला, तेव्हा अनेक पालकांनी मुलांना शाळेत पाठवणेच थांबवले.