झाकण मिटलेला लॅपटॉप बॅगेत तापत असेल तर

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर पुण्याची गाडी लागली की लॅपटॉपचे झाकण मिटून तो घाईने बॅगेत सरकवला जातो, आणि पुण्यात बाहेर काढावा तर तळ चांगलाच तापलेला व बॅटरी उतरलेली असते. याचे कारण असे की, झाकण मिटले की लॅपटॉप सहसा 'स्लीप' म्हणजे झोपेच्या अवस्थेत जातो, आणि विंडोजच्या अनेक नव्या लॅपटॉपांत ही स्लीप 'मॉडर्न स्टँडबाय' प्रकारची असते. त्यात प्रोसेसर अत्यल्प विजेवर चालूच राहतो, आणि एखाद्या अपडेटने किंवा ड्रायव्हरने (यंत्राचे भाग चालवणाऱ्या प्रोग्रामने) त्याला कामाला जुंपले, तर जाड कप्प्यात त्या उष्णतेला बाहेर पडायला वाटच उरत नाही. म्हणून कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' व्हावे, अशी निवड बॅटरी आणि चार्जर या दोन्ही रकान्यांत करावी. हायबरनेटमध्ये रॅममधील, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीतील, मजकूर डिस्कवर लिहून यंत्र बंद होते. पुन्हा सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागतो, पण प्रवासात त्याचे काय एवढे? झाकण मिटल्यावर पंख्याचा आवाज थांबून दिवा विझेपर्यंत मात्र लॅपटॉप बॅगेत घालू नये. हायबरनेटचा पर्याय दिसतच नसेल, तर सरळ शटडाउन करावे.