मुलाची भीती आणि आईवडिलांची धास्ती : दोन्हींवर एकत्र काम कसे करावे

दुसरीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. रविवारी संध्याकाळपर्यंत तो मजेत खेळतो, रात्री दप्तर भरताना गप्प होतो आणि सोमवारी सकाळी गणवेश घातल्यावर पोट धरून बसतो. आई कपाळाला हात लावून पाहते; ताप नसतो. तिच्या स्वतःच्या पोटात मात्र गोळा आलेला असतो, कारण गेल्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी त्याने तिच्या ओढणीचे टोक मुठीत इतके घट्ट धरले होते की, ते सोडवायला शाळेतल्या मावशींना त्याचे एकेक बोट उचलावे लागले. आजी म्हणते, "राहू दे आजच्या दिवस." बाबा म्हणतात, "नुसती नाटकं आहेत." अखेर मुलगा घरी राहतो, तासाभरात पोटदुखी थांबते आणि घरातल्या सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो.

उपचाराची सुरुवात याच क्षणापासून करावी लागते. शाळा टळली म्हणून भीती ओसरली, एवढेच मुलाच्या मनात नोंदले जाते. शाळेत गेलो असतो तरी थोड्या वेळाने बरे वाटले असते, हे कळण्याची संधी त्या दिवशी हुकते. आईचे मनही तेच शिकते, की त्याला घरी ठेवले म्हणजे आपली छातीतली धडधड थांबते. दोघांची भीती अशी एकमेकींना खतपाणी घालत राहते. म्हणून मुलावर उपचार चालू असताना आईवडिलांच्या धास्तीकडे त्याच काळात लक्ष दिले पाहिजे, ते काम 'मुलगा बरा झाल्यावर बघू' असे पुढे ढकलू नये, असे माझे ठाम मत आहे.

आधी काय तपासावे

प्रत्येक भीती हा आजार नसतो. आठ-नऊ महिन्यांचे बाळ अनोळखी माणसाला पाहून रडते, तीन-चार वर्षांच्या मुलाला अंधाराची भीती वाटते, परीक्षेच्या आदल्या रात्री मोठ्या मुलांची झोप उडते. हे वयाला धरून आहे. भीतीमुळे शाळा, झोप, जेवण किंवा मैत्री अडू लागली आणि हे कित्येक आठवडे चालू राहिले, तर मात्र मदत घ्यावी. आईवडिलांपासून दूर होण्याच्या भीतीच्या बाबतीत डॉक्टर साधारणपणे चार आठवड्यांची मर्यादा धरतात.

पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची असावी, कारण पोटदुखी खरोखरच पोटाची असू शकते. त्याच आठवड्यात मुलाशी निवांत बोलून काही गोष्टींची खात्री करून घ्यावी: वर्गात कोणी मारते किंवा चिडवते का, फळ्यावरचे नीट दिसते का, वाचताना अक्षरे जुळतात का, व्हॅनमध्ये किंवा स्वच्छतागृहात कोणी नको तसा स्पर्श करते का. यांपैकी काही निघाले, तर मुलाची भीती रास्त आहे आणि ते कारण दूर करणे हेच पहिले काम ठरते. मूल संकटात असेल, तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन करावा.

एक आठवडा फक्त वही लिहावी

लगेच काही बदलू नये. दोनशे पानी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे मुलाने काय केले आणि उजवीकडे त्या वेळी आपण काय केले व आपल्याला काय वाटत होते, ते लिहावे. डावीकडे 'रात्री नऊला चौथ्यांदा विचारले, उद्या तूच घ्यायला येशील ना' असे असेल, तर उजवीकडे 'चौथ्यांदा हो म्हटले, छातीत धडधड, हे कधी संपणार असे वाटले' असे येईल. उजवी बाजू लिहायला पालकांना जड जाते, पण खरे उत्तर बहुधा तिथेच सापडते.

आठवड्याच्या शेवटी वही वाचली, की मुलाला भीती वाटू नये म्हणून आपण किती ठिकाणी सांभाळून घेतो, हे उघड दिसते. त्याच्याजवळ झोपणे, नातेवाइकांनी त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपणच देणे, वाढदिवसाला जायचे टाळणे, स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर उभे राहणे, हे सगळे प्रेमापोटीच होते. तरीही मुलाला त्यातून संदेश मिळतो तो असा, की खरोखरच घाबरण्यासारखे काहीतरी आहे आणि ते तुला एकट्याला झेपणार नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी याच मुद्द्यावर उपचारपद्धती बेतली. त्यांनी १२४ मुलांच्या अभ्यासात एका गटातील फक्त पालकांना हे सांभाळून घेणे कमी करायला शिकवले आणि दुसऱ्या गटातील मुलांना थेट उपचार दिले; पहिल्या गटातली मुले थेरपिस्टकडे न जाताही दुसऱ्या गटाइतकीच सुधारली.

कोणते वाक्य बोलावे

घाबरलेल्या मुलाला आपण सवयीने म्हणतो, "काही नाही होत", "घाबरायचं काय त्यात?", "शेजारचा बघ कसा एकटा जातो." या तिन्ही वाक्यांनी मुलाची भीती खोटी ठरते, मग ती खरी आहे हे पटवण्यासाठी त्याला आणखी मोठ्याने रडावे लागते. त्याऐवजी वाक्याचे दोन भाग असावेत: पहिल्यात भीतीची कबुली, दुसऱ्यात मुलावरचा भरवसा. "तुला आत्ता खूप भीती वाटतेय, हे मला दिसतंय. भीती वाटत असतानासुद्धा तुला वर्गात जाता येईल, याची मला खात्री आहे." एवढे बोलून थांबावे. मुलाने पुन्हा विचारले, तर तेच वाक्य त्याच स्वरात म्हणावे. नवी कारणे, नवी वचने देऊ नयेत. हे वाक्य आरशासमोर चार-पाच वेळा म्हणून पाहावे, कारण सकाळी आठच्या घाईत आयत्या वेळी ते सुचत नाही.

जेवत नाही म्हणून बागुलबुवाची, ऐकत नाही म्हणून पोलिसाची किंवा इंजेक्शनची भीती घालण्याची पद्धत मात्र घरातून पूर्ण बंद करावी. एका हाताने भीती पेरून दुसऱ्या हाताने ती उपटता येत नाही.

भीतीची शिडी

या उपचाराचा गाभा म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरे जाणे. मुलाला शेजारी बसवून शिडीचे चित्र काढावे आणि प्रत्येक पायरीला किती भीती वाटते, ते त्यालाच ० ते १० मध्ये सांगू द्यावे. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाची शिडी अशी होऊ शकते: रविवारी गणवेश घालून शाळेच्या फाटकाला हात लावून यायचे, याला तो २ देईल, शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बाईंबरोबर दहा मिनिटे बसायचे, याला ४, आई कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलेली असताना मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात थांबायचे, याला ६, आई फाटकावरूनच परतेल, याला ८, व्हॅनने जायचे आणि पूर्ण दिवस थांबायचे, याला १०. एका पायरीवर तो सलग काही दिवस उभा राहू शकला, की पुढची घ्यावी. भीती शून्यावर येण्याची वाट पाहू नये. भीती असतानाही आपण थांबू शकतो, हे त्याला कळले की ती पायरी झाली. मात्र शाळा पूर्ण बंद असेल, तर शिडी महिनोन्‌महिने रेंगाळू देऊ नये, कारण घरी राहण्याची सवय लवकर मुरते. वर्गशिक्षिकांना आधी भेटून पहिल्या तासाला त्याला काही काम, वह्या गोळा करण्यासारखे, द्यायला सांगावे. बक्षीस लहान आणि त्याच दिवशी मिळणारे असावे: आजोबांबरोबर कॅरमचा डाव, रात्रीची गोष्ट निवडण्याचा हक्क.

बदल कधी सुरू होणार, हे मुलाला संध्याकाळी, सगळे शांत असताना, आईवडिलांनी मिळून सांगावे. आजी-आजोबांशी आधीच बोलून घ्यावे, कारण एकानेही "राहू दे" म्हटले तर सगळी मांडणी ढासळते. आजीला गप्प बसायला सांगण्यापेक्षा तिला काम द्यावे: परतल्यावर दारात उभे राहून "आज किती वेळ थांबलास?" असे विचारण्याचे. पहिल्या काही दिवसांत रडणे वाढते. ते अपेक्षितच आहे, हे पालकांना आधी ठाऊक असेल तर त्यांचा धीर सुटत नाही.

पालकांची स्वतःची शिडी

ऑस्ट्रेलियात व्हेनेसा कोबॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ७ ते १४ वर्षांच्या ६७ मुलांवर केलेला अभ्यास इथे मोलाचा आहे. ज्या मुलांचे आईवडील चिंताग्रस्त नव्हते, त्या मुलांना एकट्यांना दिलेल्या उपचाराने चांगला गुण आला. पालकही चिंताग्रस्त असलेल्या मुलांमध्ये मात्र फक्त मुलावर उपचार केल्यावर ३९ टक्के मुले आजाराच्या निकषांबाहेर आली, तर पालकांनाही स्वतःची चिंता हाताळायला शिकवल्यावर ७७ टक्के. हा फरक पुढे काहीसा कमी झाला. हे आकडे पालकांच्या माथी दोष मारण्यासाठी नाहीत. भित्रा स्वभाव बराचसा जन्मजात असतो आणि भित्र्या मुलाला वाढवताना शांत माणसालाही धास्ती लागते.

वहीची उजवी बाजू घेऊन पालकांनी आपली शिडी काढावी. शाळेत सोडल्यावर आई दिवसातून चार वेळा बाईंना संदेश पाठवत असेल, तर पहिल्या आठवड्यात दोन, मग फक्त मधल्या सुट्टीनंतर एक, मग एकही नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणत्या मुलाला काय झाले, हे वाचून जीव खालीवर होत असेल, तर तो दिवसातून एकदाच उघडावा. फोनकडे हात गेला, की दहा मिनिटे थांबावे. श्वास घ्यायला चार आणि सोडायला सहा आकडे मोजावेत. मनात येणाऱ्या शंका कागदावर टिपून ठेवाव्यात आणि संध्याकाळी ठरलेल्या वीस मिनिटांतच त्यांच्याकडे पाहावे. तोवर त्यांतल्या बऱ्याच शिळ्या झालेल्या असतात.

आपली काळजी मुलापासून लपवण्याचा आटापिटा करू नये. मूल चेहरा वाचते. ती कशी पेलायची, हे त्याला दिसू द्यावे. "बाबांना उशीर झाला, म्हणून मला जरा काळजी वाटली. मग आठवलं, सिग्नलला नेहमीच गर्दी असते. मी पोळ्या करायला घेतल्या," असे कणीक मळता मळता सहज बोलले, तरी मुलाला एक उदाहरण मिळते. आर्थिक विवंचना किंवा दवाखान्याची चिंता मात्र त्याच्यापुढे मोकळी करू नये. त्यासाठी मैत्रीण, भाऊ, समुपदेशक आहेत. सुरुवातीला दोघांपैकी जो शांत राहू शकतो, त्याने शाळेत सोडावे. पुढे मात्र धास्तावलेल्या पालकाने ती जबाबदारी स्वतः घ्यावी, कारण ती त्याच्या शिडीची पायरी आहे. निरोप अर्ध्या मिनिटात संपवावा आणि मागे वळून पाहू नये.

बहुतेक दिवशी झोप लागत नसेल, अचानक घाम फुटून छाती दाटून येत असेल, काळजीमुळे काम किंवा प्रवास टळत असेल, तर पालकांनी स्वतःसाठी वेगळी भेट ठरवावी. मुलाच्या केसपेपरवर आपला उपचार उरकू नये.

तज्ज्ञांकडे जाताना

टेली-मानस ही ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही मानसोपचार विभाग असतात. समुपदेशकांना पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारावेत: मुलाला भीतीला पायरीपायरीने सामोरे जायला तुम्ही शिकवता का, आणि आम्हा पालकांबरोबर वेगळा वेळ ठेवता का? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर दुसरीकडे विचारणा करावी.

औषधाविषयी आपल्याकडे विनाकारण भीती आहे. अमेरिकेत ७ ते १७ वयोगटातील ४८८ मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विचार व वर्तनावरील उपचाराने, म्हणजे सीबीटीने, सुमारे ६० टक्के मुलांना, सर्ट्रालिन या औषधाने ५५ टक्के मुलांना, तर दोन्ही एकत्र दिल्यावर ८१ टक्के मुलांना चांगला गुण आला. औषध नसलेल्या, नुसत्या नावाच्या गोळीने २४ टक्के. आजार तीव्र असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी याविषयी मोकळेपणाने बोलावे. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुलाची अस्वस्थता वाढते का, मरणाचे विचार येतात का, यावर लक्ष ठेवावे आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत. मुलाने जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तर ते कितीही सहज बोललेले वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर, मोठ्या आजारपणानंतर किंवा घर बदलल्यावर भीती परत डोके वर काढते. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी गणवेश घालून फाटकाला हात लावून यावे, शाळेच्या पहिल्या दिवशी शिडीवर दोन पायऱ्या खालून सुरुवात करावी आणि त्याच रात्री कपाटातली जुनी वही काढून तिच्या नव्या पानावर पुन्हा मधोमध रेघ मारावी.