नाट्यगृहाच्या दारावर: नव्या डोअरकीपरसाठी

डोअरकीपरचं निम्मं काम प्रेक्षागृह रिकामं असतानाच उरकतं. त्यासाठी प्रयोगाच्या तासभर आधी पोहोचायचं. बुकिंगच्या खिडकीवर आसनांचा प्लॅन असतो, तो नीट बघून घ्यायचा आणि मग दिवे लावलेल्या प्रेक्षागृहात एकदा शेवटच्या रांगेपर्यंत फिरून यायचं. आसनांचे क्रमांक प्रत्येक नाट्यगृहात वेगळ्या रीतीनं टाकलेले असतात. कुठे डावीकडून उजवीकडे सरळ, तर कुठे मधल्या पॅसेजच्या एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम. काही ठिकाणी 'एच'नंतर थेट 'जे' रांग येते, कारण 'आय' हे अक्षर एकच्या आकड्यासारखं दिसतं. बाल्कनीत पुन्हा 'ए'पासून सुरुवात होत असेल तर ते पक्कं ध्यानात ठेवा. खाली 'ए 12' आणि वर 'ए 12' असा घोळ हमखास होतो, आणि खालच्या पहिल्या रांगेत ऐसपैस बसलेल्या माणसाला वर पाठवणं सोपं नसतं.

त्याच फेरीत बाहेर जाणारं प्रत्येक दार स्वतः ढकलून बघा. कडी निघते का, साखळी-कुलूप लावलेलं नाही ना, दारामागे रिकामे खोके किंवा बॅनरच्या चौकटी टेकवलेल्या नाहीत ना. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी लागलेल्या आगीत 59 माणसं गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवण्यासाठी तिथली बाहेर पडायची एक वाट बंद केलेली होती, आणि वरची माणसं धुरात अडकली. म्हणून हाऊसफुल्लच्या प्रयोगाला कुणी कितीही गळ घातली तरी पॅसेजमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकू द्यायची नाही. इथे भिडस्तपणा उपयोगाचा नाही. "मॅनेजरांना विचारतो" असंही म्हणू नका. सरळ नाही म्हणा.

बिजागऱ्या करकरत असतील तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे. पायात रबरी तळव्याची चप्पल किंवा बूट हवेत, आणि किल्ल्यांचा जुडगा खिशात न ठेवता ऑफिसात ठेवायचा. बॅटरीच्या काचेवर लाइटवाल्याकडून लाल किंवा पिवळ्या जिलेटिनचा (दिव्यांपुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचा) तुकडा मागून रबरबँडनं बसवा. उघड्या पांढऱ्या झोतानं आजूबाजूच्या दहा जणांचे डोळे दिपतात. मोबाईलचा टॉर्च टाळा. त्याचा उजेड पसरट असतो, जमिनीवर धरला तरी शेजारच्यांच्या तोंडावर जातो.

दार उघडायच्या आधी रंगमंचावर विचारून घ्या. नेपथ्य लागलं का, आवाजाची चाचणी संपली का, पडदा पडला का. तीन घंटांमधलं अंतर संस्थेगणिक बदलतं, म्हणून त्या दिवशी पहिली घंटा किती वाजता होणार तेही तिथेच कळतं.

आता गर्दीचा हिशेब बघा. 700 प्रेक्षक, दोन दारं आणि 20 मिनिटं धरली तर एका दारातून मिनिटाला सतरा-अठरा माणसं आत जायला हवीत. म्हणजे तिकिटामागे जेमतेम साडेतीन सेकंद. एवढ्यात सगळं वाचून होत नाही, म्हणून वाचायचा क्रम ठरलेला हवा: तारीख, वेळ, नाटकाचं नाव आणि मग आसन. तारीख-वेळ आधी का, तर सर्वांत जास्त चुका तिथेच असतात. दुपारच्या प्रयोगाचं तिकीट घेऊन रात्री आलेला प्रेक्षक दर आठवड्याला भेटतो. एका दिवशी दोन प्रयोग असतील तर खिडकीवरून दोन्हींच्या तिकिटांचे रंग विचारून ठेवा, म्हणजे नजरेलाच फरक कळेल.

तिकीट आधी छिद्रांच्या रेषेवर दुमडायचं आणि मग फाडायचं. नुसतं ओढलं तर आसनाचा आकडाच फाटतो. आसनक्रमांकाचा भाग प्रेक्षकाकडे, उरलेला आपल्या डब्यात. एकानं चार तिकिटं पुढे केली तर आधी डोकी मोजा. "बाकीचे मागून येतायत" असं म्हणाले तर येणाऱ्यांची तिकिटं न फाडता त्यांच्याच हातात परत द्या. मोबाईलवरच्या तिकिटासाठी रांगेतच सांगत राहा, "तिकीट उघडून ठेवा, उजेड वाढवा." एकच कोड दुसऱ्यांदा आला तर यंत्र नाकारतं. बहुधा एकाच तिकिटाचा फोटो घरातल्या दोघांनी दाखवलेला असतो. तिथे वाद न घालता त्यांना बाजूला उभं करा आणि रांग चालू ठेवा. "मी अमक्यांचा माणूस" म्हणणाऱ्यांनाही तसंच, मॅनेजरांकडे पाठवा.

मराठी नाटकाला वयस्कर प्रेक्षक मोठ्या संख्येनं येतात, आणि त्यांना आसनापर्यंत नेणं हा या कामातला सर्वांत जपून करायचा भाग आहे. हात धरून ओढायचं नाही. आपला कोपर पुढे करायचा, त्यांना धरू द्यायचं आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं. झोत त्यांच्या पुढच्या पायरीच्या कडेवर. "आजी, आता दोन पायऱ्या खाली. ही एक… ही दुसरी. आता सपाट आहे." आकडा आधी सांगितला की पाऊल घाबरत नाही. बाल्कनीतून उतरवताना आपण एक पायरी खाली, कठड्याच्या बाजूला राहायचं.

एकाच आसनावर दोघांनी हक्क सांगितला तर बसलेल्याला लगेच उठवू नका. दोघांची तिकिटं घेऊन उजेडात जा आणि तारीख, वेळ, रांग, वर-खाली हे पुन्हा वाचा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. खरोखरच दोनदा विकलं गेलं असेल तर त्यासाठी मागच्या रांगेतली दोन-चार टोकाची आसनं मॅनेजरांशी बोलून आधीच हातात ठेवलेली बरी.

तिसऱ्या घंटेनंतर दार बंद. यानंतरचा पाव तास फार नाजूक असतो. रंगमंचावर पूर्ण अंधार करून नट जागा घेतात, आणि दाराची एक फट उघडली तरी लॉबीतल्या उजेडाची पट्टी थेट पडद्यापर्यंत जाते. म्हणून अंधार असताना कुणालाही आत सोडायचं नाही. उशिरा आलेल्यांना बाहेर चार-पाच जणांच्या गटात थांबवा. रंगमंच पूर्ण उजळलेला असेल आणि हशा किंवा गाणं चालू असेल, तेव्हा आत घ्या. दुहेरी दार असेल तर बाहेरचं लावून मगच आतलं उघडायचं. आत आल्यावर मिनिटभर भिंतीशी उभं करा. उजेडातून आलेल्या डोळ्यांना पायरी दिसत नाही, आणि लोक अडखळतात ते याच मिनिटात. पुढच्या रांगेचं तिकीट असलं तरी मध्यंतरापर्यंत मागे बसवा. "काका, पाच मिनिटांत प्रसंग बदलला की तुम्हाला आत नेतो" असं नेमकं सांगितलं की माणूस चिडत नाही. नुसतं "थांबा" म्हटलं की चिडतो.

मूल रडायला लागलं तर रांगेच्या टोकाशी वाकून आईला हळूच दार दाखवा, लांबून खुणा नकोत. मोबाईलवर चित्रण करणाऱ्याच्या बाजूला जाऊन वाकून सांगा, फोन हिसकावू नका. दोनदा सांगून ऐकलं नाही तर मॅनेजर.

मध्यंतरात हाऊसलाइट, म्हणजे प्रेक्षागृहातले दिवे, आल्यावरच दारं उघडा. वडा-चहाची रांग लांबते, त्यामुळे परत येताना सगळे एकदम येतात, आणि बिनतिकीट माणूस नेमका तेव्हाच घुसतो. अर्धं तिकीट सांभाळायला बाहेर जातानाच सांगून ठेवा.

वीज गेली तर झोत जमिनीवर धरून शांत आवाजात "बसून राहा" एवढंच म्हणा. धूर दिसला तर मात्र "आग" असं ओरडायचं नाही. हाऊसलाइट लावायला सांगून सगळी दारं उघडा, स्वतः दाराच्या बाजूला उभे राहा, आणि "इकडून या, चालत या" हे दोनच वाक्यांश पुन्हा पुन्हा म्हणा.

शेवटचा पडदा पडून कलाकारांनी अभिवादन केल्यावर दारं उघडायची. गर्दी ओसरली की आसन वर करून प्रत्येक रांग बघा: चष्मे, छत्र्या, औषधांच्या पिशव्या, कधी कानाचं यंत्र. सापडलेल्या वस्तूला लगेच चिठ्ठी लावून आसनक्रमांक आणि प्रयोगाची वेळ लिहा, कारण दुसऱ्या दिवशी फोन येतो तेव्हा माणसाला आपली रांग आठवत असते. मग डब्यातली अर्धी तिकिटं मोजून आकडा खिडकीच्या हिशेबाशी जुळवायचा, स्वच्छतागृहांत हाक मारून कुणी उरलं नाही ना बघायचं, आणि त्यानंतरच कड्या लावायच्या.