‘वर्क’ की ‘वर्क्स’? इंग्रजी लिहिता-बोलताना या चुका टाळा

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणारे उमेदवार, वागळे इस्टेटमधील कारखान्यांच्या कार्यालयांतून ई-मेल पाठवणारे कर्मचारी आणि ठाण्यात मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत महाविद्यालयीन शिक्षण घेणारे विद्यार्थी, या सर्वांना ‘वर्क’ हे इंग्रजी नाम रोज लागते. शब्द लहानपणापासून ओळखीचा असल्यामुळे तो शब्दकोशात पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही, आणि त्यामुळे त्याच्या वापरातील चुका वर्षानुवर्षे तशाच राहतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक वचनाची आहे. मराठीत ‘काम’ मोजता येते. ‘आज मला चार कामे आहेत’ हे वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र श्रम, उद्योग किंवा करायचे काम या अर्थाचे ‘वर्क’ हे अगणनीय नाम असल्यामुळे त्याला ‘अ’ हे उपपद लागत नाही आणि त्याचे अनेकवचनही होत नाही. म्हणून ‘आय हॅव अ वर्क’ आणि ‘आय हॅव फोर वर्क्स टुडे’ ही दोन्ही वाक्ये चुकीची ठरतात. काम पुष्कळ आहे एवढेच सांगायचे असेल, तर ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क टुडे’ असे म्हणावे, आणि कामांची संख्या सांगणे आवश्यकच असेल, तर ‘आय हॅव फोर थिंग्ज टु डू’ म्हणावे किंवा ‘टास्क’ हा गणनीय शब्द घ्यावा. ‘मेनी वर्क्स’ हा प्रयोगही याच कारणाने टाळावा.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. ‘वर्क्स’ हे रूप चुकीचे असेल, तर ते जागोजागी छापलेले कसे दिसते? ठाणे व नवी मुंबई महानगरपालिकांच्या आणि सिडकोच्या इंग्रजी निविदांमध्ये ‘सिव्हिल वर्क्स’, ‘रिपेअर वर्क्स’ असे शब्द येतात आणि ते अगदी बरोबर आहेत, कारण रस्ते, पूल, जलवाहिन्या, इमारती यांच्या बांधकामाला व दुरुस्तीला इंग्रजीत ‘वर्क्स’ म्हणतात. लॉर्ड डलहौसी यांच्या काळात १८५४ मध्ये स्थापन झालेल्या ‘पब्लिक वर्क्स’ खात्याच्या नावातही हाच अर्थ आहे, आणि मराठीत आपण त्या खात्याला सार्वजनिक बांधकाम विभाग म्हणतो, त्यातील ‘बांधकाम’ हा शब्द अर्थ नेमका पकडतो. माझ्या मते कार्यालयीन पत्रांतील बरीचशी गफलत इथूनच सुरू होते: निविदेतील ‘पेंडिंग वर्क्स’ पाहून लेखा विभागातील कर्मचारी आपल्या प्रलंबित नोंदींनाही ‘पेंडिंग वर्क्स’ म्हणू लागतो. कंत्राटदाराच्या पत्रात ते रूप शोभते. नोंदी, अहवाल, फायली यांच्याबाबतीत ‘पेंडिंग वर्क’ एवढेच लिहावे.

‘वर्क्स’चा दुसरा अर्थ कारखाना असा आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये पाट्यांवर दिसणाऱ्या ‘इंजिनिअरिंग वर्क्स’, ‘फॅब्रिकेशन वर्क्स’ या नावांत शेवटचा ‘स’ आवश्यक आहे, मग जागा एका गाळ्याची का असेना. नियम नव्याने शिकलेले काही जण ही पाटीही ‘दुरुस्त’ करायला निघतात, आणि ही उलट दिशेची चूक होय. या अर्थी ‘वर्क्स’ एका कारखान्यालाही लागू होतो आणि त्याच्यापुढे ‘अ’ किंवा ‘ॲन’सुद्धा येऊ शकते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींच्या ज्या ‘वर्क्स कमिटी’ची तरतूद होती, तिच्या नावातही हेच रूप आढळते.

कलाकृती किंवा साहित्यकृती या अर्थी मात्र ‘वर्क’ सरळ मोजता येते. ‘अ वर्क ऑफ आर्ट’ आणि ‘टू वर्क्स बाय द सेम पेंटर’ ही दोन्ही रूपे योग्य आहेत.

व्याकरणाच्या चुकांपेक्षा अधिक गैरसमज निर्माण करणारी चूक ‘काम आहे’ या आपल्या बोलण्याच्या पद्धतीतून येते. ‘माझे तुमच्याकडे काम आहे’ या वाक्यात आपल्याला श्रम अभिप्रेत नसतात, तर काही बोलायचे किंवा विचारायचे असते. त्याचे ‘आय हॅव सम वर्क विथ यू’ असे रूपांतर केले, की परदेशी सहकाऱ्याला आपण दोघांनी मिळून एखादे काम करायचे आहे असे वाटू शकते. त्याऐवजी ‘आय नीड टु टॉक टु यू अबाउट समथिंग’ असे म्हणावे. फोनवर ‘काय काम होते?’ हा आपला साधा प्रश्न ‘व्हॉट वर्क डू यू हॅव?’ असा विचारला, तर तो ऐकणाऱ्याला उद्धट वाटण्याची शक्यता असते. तिथे ‘हाऊ कॅन आय हेल्प यू?’ हाच सौजन्याचा प्रश्न आहे. त्याचप्रमाणे ‘वाशीला काम आहे’ यासाठी ‘आय हॅव समथिंग टु डू इन वाशी’ पुरेसे आहे.

कामाचे ठिकाण सांगताना ‘द’ गाळावे. ‘ही इज ॲट वर्क’ म्हणजे तो कामावर आहे, ‘शी हॅज गॉन टु वर्क’ म्हणजे ती कामाला गेली आहे, आणि ‘आउट ऑफ वर्क’ म्हणजे बेरोजगार.

नोकरी या अर्थी ‘जॉब’ हा गणनीय शब्द आहे, म्हणून ‘आय हॅव अ जॉब’ बरोबर. ‘जॉबवर्क’ ही मात्र वेगळी संज्ञा असून, दुसऱ्याच्या मालावर प्रक्रिया करून देण्याच्या व्यवसायाला आपल्या औद्योगिक वसाहतींत तोच शब्द आहे आणि २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्यातही त्याची व्याख्या दिलेली आहे. नोकरीसाठी अर्ज करताना ‘आय ॲम सर्चिंग फॉर अ जॉबवर्क’ असे लिहिल्यास अर्थच बदलतो.

जोडशब्दांत काळजी घ्यावी लागते, कारण तिथे एकच नियम चालत नाही. ‘होमवर्क’, ‘हाऊसवर्क’, ‘पेपरवर्क’, ‘टीमवर्क’ यांना ‘स’ लावू नये. शिक्षकांनी दोन विषयांचा गृहपाठ दिला, तरी तो ‘होमवर्क’च राहतो. ‘नेटवर्क’ आणि ‘फ्रेमवर्क’ मात्र गणनीय असल्यामुळे ‘टू नेटवर्क्स’ योग्य आहे. रस्त्याच्या कामाला ब्रिटिश इंग्रजीत ‘रोडवर्क्स’ म्हणतात, तर अमेरिकी इंग्रजीत ‘रोडवर्क’.

अगणनीय ‘वर्क’ मोजण्यासाठी पाठ्यपुस्तकात ‘अ पीस ऑफ वर्क’ हा प्रयोग सुचवलेला असतो आणि कामाबद्दल बोलताना तो उत्तम आहे. मात्र तो माणसाला लावू नये. ‘ही इज अ पीस ऑफ वर्क’ म्हणजे तो भारी विचित्र किंवा त्रासदायक माणूस आहे, असा त्याचा बोलीतील अर्थ होतो.