दिवसा घराला कुलूप लावताना या चुका टाळा

आमचं घर फुटलं ते दुपारी साडेबारा ते दोनच्या मध्ये. विश्रामबागेत, सांगली-मिरज रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. मी शाळेवर होते, आई मागच्या गल्लीत डोहाळजेवणाला गेली होती. परत आल्यावर तिला आधी काही वेगळं जाणवलंच नाही, कारण कुलूप लावलेलंच दिसत होतं. पायरी चढल्यावर कळलं की कुलूप कोयंड्यात आहे, पण कोयंडा चौकटीत नाही. चार स्क्रू पायपुसण्यावर पडले होते, जेमतेम पाऊण इंचाचे. कुलूप आम्ही निवडून, चांगलं जड घेतलं होतं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

तेव्हापासून ओळखीत कुणाचं घर फुटलं की मी जाऊन येते आणि दार बघते. चुका त्याच त्याच असतात.

दिवसाचं कुलूप हलकं असतं

रात्री आपण वरची कडी, खालची कडी, मधलं लॅच, काही घरांत अडसरसुद्धा लावतो. शिवाय आत माणसं असतात. दिवसा बाहेर पडताना यातलं काहीच लावता येत नाही, कारण सगळ्या कड्या आतून आहेत. मग अख्खं घर एका कोयंड्यावर सोडलेलं असतं आणि आपल्या मनात मात्र असतं की दिवसाढवळ्या कोण येतंय!

पोलिसांच्या कागदात दिवसाची घरफोडी आणि रात्रीची घरफोडी वेगळी लिहितात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ मध्येही हा फरक आहे. चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर १० वर्षांपर्यंत शिक्षा, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी फोडलं तर १४ वर्षांपर्यंत. रात्र जास्त धोक्याची हे माणसांच्या जिवाच्या बाबतीत खरंच आहे. पण दाराच्या मजबुतीचा विचार केला तर दिवस जास्त धोक्याचा, आणि खर्च करायचाच तर तो दिवसाच्या कुलपावर करायला हवा.

खर्च फार नाही. सुताराला बोलावून कोयंडा स्क्रूऐवजी आरपार बोल्टवर बसवून घ्या, नट आतल्या बाजूला. कटावणी घातली तरी तो सहज उपटून येत नाही, वेळ लागतो आणि आवाज होतो. चोराला नको असतात त्या याच दोन गोष्टी. चौकट वाळवीनं पोखरलेली असेल तर आधी ती बदला. भुसभुशीत लाकडात महागातला कोयंडाही टिकत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे दाराच्या फळीत बसवलेलं लॉक. बाहेर काही लोंबत नाही, त्यामुळे घरात माणूस आहे की नाही हे रस्त्यावरून कळत नाही. पण इथंही एक चूक मी सगळीकडे बघते. दार ओढलं, टक् आवाज आला, की लोक निघतात. त्या वेळी दार फक्त लॅचच्या तिरक्या जिभेवर अडकलेलं असतं, आणि फटीतून पट्टी घालून ती जीभ मागे सारता येते. किल्ली पूर्ण फिरवली की चौकोनी जीभ बाहेर येते, ती तशी सरकत नाही. दूध आणायला जाताना सुद्धा किल्ली फिरवा. विम्यासाठीही हे लागतं. घरफोडीचा विमा साधारणपणे दार बळजबरीनं फोडल्याची खूण मागतो. उघड्या दारानं चोर आत आला तर दावा अडतो.

किल्लीच्या जागेबद्दल थोडक्यात सांगते. चपलांचं कपाट, तुळशीच्या कुंडीखाली, मीटरच्या पेटीवर, खिडकीच्या गजाला. या जागा सगळ्यांच्या त्याच आहेत. शेजारी विश्वासाचं माणूस असेल तर किल्ली त्यांच्या हातात द्या, नाहीतर प्रत्येकाची वेगळी करून घ्या.

घर रिकामं आहे हे आपणच सांगतो

फाटकाला बाहेरून कुलूप, ओट्यावर दोन दिवसांचे पेपर, दारात न काढलेली रांगोळी. रोज रांगोळी असणाऱ्या दारात ती नसली तर ते अख्ख्या गल्लीला दिसतं, आणि ज्याला दिसायला नको त्यालाही. गावाला जाताना पेपर आणि दूध बंद करा, शेजारच्या काकूंना सांगा की सकाळी आपल्या दारातही दोन रेघा ओढा. फाटकाला आतून कडी लावून बाजूच्या दारानं निघता येत असेल तर तसं निघा.

नरसोबाच्या वाडीला निघाल्यावर गाडीतूनच स्टेटस टाकू नका. दर्शनाचे फोटो घरी परत आल्यावर टाकले तरी दत्तगुरूंचा आशीर्वाद कमी होत नाही.

चोर बहुतेकदा आधी बेल वाजवतो. कुणी बाहेर आलं तर 'पाटील इथंच राहतात का?' असं विचारून निघून जातो. कुणी नाही आलं तर त्याला उत्तर मिळालेलं असतं. म्हणून भलता पत्ता विचारणारा आला की 'नाही' म्हणून दार लावून आत बसू नका. कोणते पाटील, कुणी पाठवलं, हे विचारा, तो पुढे कुठं जातो ते बघा आणि गल्लीच्या ग्रुपवर एक ओळ टाका. मात्र मनापासून एक विनंती आहे. सतरंज्या विकणारा, भंगार गोळा करणारा, कल्हईवाला, ही पोटासाठी उन्हात फिरणारी माणसं आहेत. केवळ अनोळखी आहेत म्हणून त्यांना घेरू नका, हात तर मुळीच उचलू नका. संशय आलाच तर ११२ ला फोन करा, पुढचं पोलीस बघतील.

गावाकडची दुपार

हे शहरातलं दुखणं आहे असं समजू नका. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. द्राक्षाची काढणी सुरू झाली की सकाळी आठला घरातलं शेवटचं माणूस बागेत. म्हातारी माणसंसुद्धा शेडवर बेदाणा निवडायला. गल्लीच्या गल्ली रिकामी, दाराला साखळी आणि किल्ली कोनाड्यात. त्याच दिवसांत व्यापाऱ्याचे पैसे आलेले असतात, मजुरांच्या पगारासाठी रोकड घरात ठेवलेली असते. पुढं लग्नसराई, म्हणून दागिने बँकेतून काढून आणलेले. घराचं दार सगळ्यांत कच्चं असतं तेव्हाच घरात सगळ्यांत जास्त असतं.

यावर माझ्या वहिनीनं काढलेली युक्ती मला फार आवडली. गल्लीतल्या पाच घरांनी पाळी लावली. रोज एका घरातलं एक माणूस दुपारी अकरा ते चार गावात थांबतं आणि पाचही दारांसमोरून दोनदा चक्कर मारतं. मजुरांचे पैसे शक्य तितके खात्यावर टाकतात, आणि दागिने लग्नाच्या दोन दिवस आधी काढतात, महिनाभर आधी नाही.

पुढचं दार लोखंडी, मागचं पत्र्याचं

पुढं सेफ्टी डोअर बसवतात आणि मोरीकडच्या दाराला साधी सरकती कडी असते. मागच्या दाराला तर बाहेर पडताना आतून अडसर लावता येतो, तिथं आळस करायचं कारणच नाही. बाहेरून जिना असलेल्या बंगल्यांत गच्चीचं दार बघा. ते बहुधा प्लायचं असतं आणि पावसानं फुगलेलं. बाथरूमच्या खिडकीच्या सुट्या काचा बाहेरून निघतात, तिथं गज बसवा. घराच्या मागं शिडी उभी ठेवू नका.

आत शिरल्यावर कपाट फोडायला वेळ लागावा, तर आपण त्याची किल्ली वरच्या कप्प्यात साड्यांच्या घडीखाली ठेवतो. आमची तिथंच होती. सगळ्या साड्या जमिनीवर होत्या आणि कपाटाचं लॉकर किल्ली लावून उघडलेलं होतं.

कॅमेरा लावला म्हणजे झालं असं नाही

छताच्या कोपऱ्यात उंच लावलेल्या कॅमेऱ्यात फक्त टोपी दिसते. एक कॅमेरा फाटकापाशी चेहऱ्याच्या उंचीच्या आसपास हवा. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारी पेटी, टीव्हीखाली उघड्यावर ठेवू नका, चोर तोच उचलून नेतात. तो आतल्या खोलीत बंद कपाटात ठेवा, हवा लागेल एवढी फट ठेवून. लाइट गेली की बंद पडत असेल तर डीव्हीआर आणि वायफायचा राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. तारीख-वेळ बरोबर आहे ना, हे महिन्यातून एकदा बघा. चुकीच्या वेळेचं चित्रण तपासात गोंधळ करतं.

घरी एकट्या आजी असतील तर

दुपारी एकट्या आजीला गाठून 'सोनं पॉलिश करून देतो' म्हणणारे, किंवा 'पुढं लुटालूट झालीय, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून पुडीत ठेवा' म्हणणारे येतात. इथं कुलपाचा उपयोग नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा की खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला लावत नाही. दाराची साखळी लावूनच बोला, आणि शेजाऱ्यांना हाक मारायला संकोच करू नका.

फुटलंच तर

कोयंडा उचकटलेला दिसला तर आत जाऊ नका. चोर आत असू शकतो. बाहेर थांबून ११२ ला फोन करा. आईनं त्या दिवशी आधी साड्या उचलून घड्या घातल्या, कारण पोलीस येणार आणि घर असं पसरलेलं! तिचं मन मला कळतं, पण त्यात हातांचे ठसे गेले. पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नका.

तुम्ही पुण्यात आहात आणि घर गावी फुटलं, तरी फिर्याद थांबवू नका. नव्या कायद्यानुसार कुठल्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइनही देता येते, मग तीन दिवसांत सही करावी लागते. प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. चेकबुक, पासबुक गेलं असेल तर त्याच दिवशी बँकेला कळवा.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणं चांगलंच, पण त्याची मर्यादा माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे चोरी किंवा आग झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत. भाडं २,००० रुपये असेल तर २ लाख.

म्हणून दागिन्यांची यादी करा. प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन, पावती, आणि हॉलमार्क असेल तर त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर तो असतोच. आमच्या दागिन्यांपैकी एक पाटली पुढे सापडली. ती कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा हमीवर, मिळवताना ती आईचीच हे दाखवायला आमच्याकडे पावती नव्हती. उपयोगी पडला तो भावाच्या मुंजीतला फोटो. मातृभोजनाला आई घास भरवतेय आणि मनगटावर त्या पाटलीची नागमोडी नक्षी अगदी स्पष्ट दिसतेय.